ट्रॉलीची पिन आणि टेलरचं मार्जिन

कामशेतच्या बाजारपेठेत माझ्या दुकानावर अजून ‘जेंट्स टेलर’ अशीच पाटी आहे. आत आलात की उजव्या हाताला शिलाईचं एक मशीन दिसेल आणि मागच्या खोलीत साडेचार फुटी लेथ. पाटी बदलायची राहून गेली असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे तिच्यावर दुसरं काय लिहावं हेच ठरत नाही. ‘टर्नर’ म्हणवून घ्यायला मला अजून संकोच वाटतो. टर्नर म्हणजे ज्यानं आयटीआय केलं, कारखान्यात उभ्यानं पंचवीस-तीस वर्षं काढली, तो. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी हौस म्हणून लोखंडाला हात लावलेला माणूस आहे.

रविवारी लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांपैकी कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारी मंडळी असतात. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यांना लेथचं वेड लागलेलं असतं. “मास्तर, एक छोटी लेथ घ्यायचीय, कुठून सुरुवात करू?” आणि चहा संपता संपता दुसरा प्रश्न, “नोकरी सोडून हेच केलं तर पोट भरेल का?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जुनी घ्या, जड घ्या, आणि घेण्याआधी कुणा म्हाताऱ्या टर्नरला दाखवा. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर मला वडिवळ्याच्या ट्रॉलीची हकिगत सांगावी लागते. ती इथं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या रविवारी हा अंकच त्यांच्या हातात देता येईल.

ज्यांनी लेथ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडाचा गोल तुकडा एका जबड्यात पकडायचा. त्या जबड्याला आम्ही चक म्हणतो. मोटर सुरू केली की तुकडा गरगर फिरतो, आणि बाजूनं एक कडक पातं हळूहळू पुढं सरकवत त्याची साल काढायची. काकडी फिरवत फिरवत सोलावी, तसं. साल किती जाड काढायची हे दांड्यावरच्या आकड्यांनी ठरतं, आणि केसापेक्षा पातळ सालही काढता येते. एवढंच आहे. बाकी सगळं आयुष्यभर शिकत राहायचं.

मी या नादाला लागलो तो शिलाई मशीनमुळं. रेडिमेड कपडे आले तसा माझा धंदा शाळेच्या गणवेशांवर आणि पॅन्ट आखूड करण्यावर येऊन ठेपला होता. वडिलांच्या काळातलं मशीन होतं, त्याचा एक दांडा झिजला आणि पार्ट कुठंच मिळेना. कुणी तरी सांगितलं की वडगावला कोर्टाच्या मागं खंडूअण्णा म्हणून आहेत, तळेगावच्या कारखान्यातून रिटायर झालेले टर्नर, त्यांना दाखव. अण्णांनी दांडा पाहिला, एक तुकडा चकमध्ये पकडला आणि वीस मिनिटांत नवा दांडा माझ्या हातावर ठेवला. गरम होता. तो खिशात घालून मी परत आलो ते मनात लेथच घेऊन.

पुढच्या दोन वर्षांत मी अण्णांकडं किती फेऱ्या मारल्या ते माझी बायको हमीदा बरोबर सांगेल. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात एक लेथ मिळाली. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. हमीदा दारात उभी राहून बघत होती. “गिऱ्हाइकाला बसायला स्टूल आणा म्हणून चार वर्षं सांगतेय,” ती म्हणाली, “आणि तुम्ही हे आणलंत.” पण मशीनवरचं ग्रीस पुसायला जुन्या चिंध्यांचं बोचकं तिनंच काढून दिलं.

अण्णा लेथ बघायला आले. मी कौतुकानं बटण दाबायला गेलो, तर त्यांनी माझ्या गळ्यातला टेप खसकन ओढून काढला. टेलरच्या गळ्यात टेप असतो हे मी विसरूनच गेलो होतो. तीस वर्षं तो तिथंच आहे. “ह्यो चकात आडकला तर तुझी मान संगं घिऊन जाईल,” अण्णा म्हणाले. “बाह्या दुमड. आन् चकाची किल्ली चकात ठिवून कधी बटाण दाबायचं न्हाई. आदी ह्या दोन गोष्टी, मंग लोखंड.” जो कुणी सुरुवात करायची म्हणतो त्याला मी हेच दोन धडे आधी देतो.

मग सुरू झाली माझी हौस. कुणाच्या फाटकाची चाकं, कुणाच्या गिरणीचा बुश, शाळेच्या घंटेचा टोला. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी नळी. जो मागेल त्याला करून द्यायचं, आणि पैसे विचारले की हात जोडायचे. “हौस आहे हो, पैसे कसले?” वर चहा. लोक तोंडभरून कौतुक करायचे. मास्तरांचा हात म्हणजे काय, कापड असो नाही तर लोखंड. मीही फुगून जायचो. आज मागं वळून पाहताना कबूल करायला हरकत नाही, की पैसे न घेण्यात नुसता दिलदारपणा नव्हता. पैसे घेतले नाहीत तर काम बिघडलं तरी आपल्याला कुणी काही म्हणणार नाही, हा हिशेब मनाच्या तळाशी होता. आणि लोकांनी तो तंतोतंत पाळला, हे मला फार उशिरा कळलं.

भातलावणीच्या दिवसांत वडिवळ्याचे दत्तूभाऊ आले. त्यांचा ट्रॅक्टर आहे, आणि लावणीच्या वेळी ते गावातल्या बायांना ट्रॉलीत बसवून लांबच्या खाचरांवर नेतात. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, अशी सगळ्यांची मिळून लावणी चालते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी एक पिन असते. बोटभर जाड, वीतभर लांब, वर गोल डोकं. सगळी ट्रॉली त्या एका पिनीवर असते. दत्तूभाऊंच्या हातात त्यांची जुनी पिन होती, केळ्यासारखी वाकलेली.

“दुकानातली आणली की वाकतिया, मास्तर,” ते म्हणाले. “धरणाच्या कडंचा चढ म्हाईत हाय ना तुमाला? तितं लय ताण पडतो. न वाकणारी करून द्या.”

तो चढ मला माहीत होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली पाणी. चढावर पिन गेली तर ट्रॉली मागं घरंगळणार, आणि ट्रॉलीत वीस-बावीस बाया. म्हणून मी ठरवलं की ही पिन अशी करायची की दत्तूभाऊंचा नातूही वापरेल. भंगारातून जुन्या ट्रकच्या एक्सेलचा तुकडा आणला, चांगलं कडक पोलाद. तो आधी कोळशात लाल करून राखेत निवू दिला, म्हणजे मऊ होतो आणि कापता येतो. मग लेथवर चढवला. जुन्या पिनीवरून माप घेतलं.

इथं माझी पहिली चूक झाली, आणि ती फक्त टेलरच करू शकतो. कापड कापताना आम्ही मार्जिन सोडतो. आखूड झालं तर वाढवता येत नाही, जास्त असलं तर आत घेता येतं. तीस वर्षांत ही सवय हाडात गेली आहे. व्हर्निअरवर माप बरोबर आलं तेव्हा माझा हात आपोआप थांबला, म्हटलं, राहू दे थोडं जास्तीचं. पण लोखंडाच्या भोकात लोखंड घालायचं असतं तेव्हा थोडं जास्तीचं म्हणजे काय होतं, याचा विचारच मी केला नाही.

दुसरी चूक याहून वाईट होती. पिन वाकू नये म्हणून मी तिला पाणी दिलं. लोहार विळ्याला देतात तसं, लालबुंद करून पाण्यात बुडवायचं. घमेल्यात इस्त्रीचे कोळसे, खाली जुन्या ब्लोअरचा झोत. पिन पाण्यात घातली तेव्हा असा आवाज झाला की हमीदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग कानस मारून पाहिली, तर कानस नुसती घसरत होती, ओरखडा उठत नव्हता. मला धन्य वाटलं. दत्तूभाऊ दुसऱ्या दिवशी आले, पिन हातात घेऊन “झ्याक झालीया” म्हणाले, चहा प्याले आणि गेले.

चार-पाच दिवसांनी अण्णा कामशेतला आले होते, ते दुकानात डोकावले. मी पिनीची सगळी कथा रंगवून सांगितली. कानस कशी घसरली तेही. अण्णा ऐकत होते, ऐकता ऐकता त्यांनी कप खाली ठेवला.

“पाणी दिलंस. मंग उतरवलंस का?”

“म्हणजे?”

“आरं, पाणी दिल्यालं पोलाद काचेसारकं आसतं. कडक, पर ठिसूळ. परत मंद शेकून त्याचा ताठा कमी करायचा आसतो. त्ये केलंस का न्हाई?”

मी केलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. अण्णांनी पुढं विचारलं, ती पिन कशाला होती म्हणालास, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांना ते आठवलं. वाकणारी पिन दहा वेळा वाकून इशारा देते. माझी पिन कुठलाही इशारा न देता तुटणार होती.

दत्तूभाऊंना फोन लावला. धरणाच्या बाजूला रेंज नसते. तीनदा लावला, मग स्कूटरची चावी घेतली. अण्णा म्हणाले, “मी येतो,” आणि मागं बसले. कामशेत ते वडिवळे हा रस्ता मी शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी तो संपेना. लोकांचं ढोपर फुटलं तरी मला झोप येत नाही असा माझा स्वभाव. वीस-बावीस बाया. त्यांचे ब्लाउज मी शिवत नाही, पण त्यांच्या पोरांचे गणवेश मी शिवले होते. त्या पोरांची मापं मला पाठ होती आणि वाटेत ती एकेक करून आठवत होती.

गावात दत्तूभाऊंच्या घरी कळलं की ट्रॉली आत्ताच गेली. चढ सुरू होतो तिथं आम्ही गाठली. ट्रॅक्टरच्या आवाजात माझं ओरडणं त्यांना ऐकू येईना, म्हणून मी स्कूटर पुढं काढून रस्त्यात आडवी घातली. दत्तूभाऊंनी ब्रेक मारला. ट्रॉलीतल्या बाया इरली सावरत उभ्या राहिल्या.

“पिन काढा,” मी म्हणालो. “आधी सगळ्यांना खाली उतरवा आणि पिन काढा.”

दत्तूभाऊंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, चाकांमागं दगड लावले आणि बायांना उतरायला सांगितलं. मी वाकून जोड पाहिला. आत माझी पिन नव्हती. ती जुनीच, केळ्यासारखी वाकलेली, ठोकून ठोकून थोडी सरळ केलेली आणि तारेनं बांधलेली पिन होती. मी तिथंच रस्त्यावर चिखलात बसलो. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दत्तूभाऊंना विचारलं, “ह्यानं दिल्याली कुटं हाय?”

उत्तर दिलं चंद्रामावशींनी. त्या दत्तूभाऊंच्या थोरल्या चुलती, लावणीच्या बायांच्या पुढारी. “ती व्हय? ती घरात हाय. तिच्यानं मिरची कुटतोय आमी. लय भारी बत्ता झालाय.”

“बसली न्हाई ओ मास्तर,” दत्तूभाऊ शेवटी म्हणाले. “भोकात जाईना. हातोडीनं मारून बघितली, तरी जाईना.”

“मग परत का नाही आणलीत?”

“कसं आणायचं? तुमी पैसं घेतलं न्हाईत. वर चा पाजला. आन् वर म्हनायचं का, तुमचं काम चुकलंय म्हून? बरं दिसतं का त्ये?”

माझ्या एका चुकीनं दुसरीला आत जाऊच दिलं नव्हतं. एवढ्यावरच त्या दिवशी सगळं निभावलं होतं. मी देवाचे आभार मानले ते मोठ्यानं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. सगळे गावात परतल्यावर दत्तूभाऊंनी घरातून तो बत्ता आणला. अण्णा म्हणाले, बघूच या. अंगणातल्या दगडावर दोन टोकं टेकवून ठेवली आणि दत्तूभाऊंनी घण उचलून मध्ये एकच घाव घातला. पिनीचे दोन तुकडे झाले. तुटलेला भाग आतून रव्यासारखा कणीदार दिसत होता. बाया गोळा झाल्या होत्या. चंद्रामावशींनी एक तुकडा उचलला, बोटानं चाचपला आणि ठेवून दिला.

त्या रात्री मला शांत झोप लागली, पण सकाळी उठलो तो एकच विचार घेऊन. दत्तूभाऊंनी सांगितलं नाही, तर बाकीच्यांनी तरी सांगितलं असेल का? मी दुकान बंद केलं आणि दोन दिवस फिरलो. भुशीकडच्या एका बंगल्याच्या फाटकाला मी चाकं करून दिली होती. तिथल्या रखवालदारानं मला बघून आधी नमस्कार केला, मग हळूच सांगितलं की चाकं रुळावरून उतरतात, म्हणून कपाटात ठेवली आहेत, “पण आहेत फार सुंदर.” गिरणीवाल्यानं माझा बुश आठवड्याभरात काढून वडगावहून दुसरा आणला होता. तो बसवून देणारे कोण, तर अण्णाच. त्यांनीही मला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “हौस करतूस, कशाला मोडायची?” शाळेच्या घंटेचा टोला तेवढा ठीक होता. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच.

शर्टाची बाही पाऊण बोट लांब झाली तर हेच लोक भर बाजारात माझी शोभा करतात. गणवेशाचं एक बटण इकडचं तिकडं झालं तर पोरांच्या आया दुकानात ठाण मांडून बसतात. कारण तिथं त्यांनी शिलाई दिलेली असते. तो राग मला तीस वर्षं जाचक वाटत आला होता. आता तोच मला हवा होता.

मी अण्णांना म्हटलं, मला शिकवा, पण खरं सांगून शिकवा. सहा महिने मी आठवड्यातले तीन दिवस वडगावला जात राहिलो. अण्णांची जीभ फार तिखट आहे, हे मला आधी कधी कळलंच नव्हतं. चौथ्या महिन्यात एकदा मी घरी येऊन हमीदाला म्हणालो, सोडून देतो हे सगळं. ती म्हणाली, “आता सोडलंत तर ते धूड काढायला सहा माणसं कुठून आणू?”

पुढच्या लावणीच्या आधी मी स्वतः वडिवळ्याला गेलो. “दत्तूभाऊ, तुमची पिन देणं लागतो. पण यावेळी पैसे घेणार,” असं सांगून मी आकडा सांगितला. त्यांनी घासाघीस केली. मी थोडे कमी केले. दोघांनाही बरं वाटलं. यावेळी जुन्या पिनीवर विसंबलो नाही, भोकाचंच माप घेतलं. पाणी दिलं, आणि मग अण्णांसमोर बसून उतरवलं. घासून चकचकीत केलेली पिन गरम वाळूत ठेवली की तिच्यावर रंग चढत जातो, आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा. निळा आला की बाहेर काढायची. हा रंग बघत बसण्यासारखं दुसरं सुख मला या कामात मिळालेलं नाही.

अंगणात दत्तूभाऊंनी ती त्याच दगडावर ठेवली आणि घण घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घणाला हादरे बसले, पिन तशीच. मग ती जोडात घातली, बाया ट्रॉलीकडं आल्या, पण कुणी चढेना. सगळ्या चंद्रामावशींकडं बघत होत्या, आणि चंद्रामावशी माझ्याकडं.

“तुमी बसा आदी,” त्या म्हणाल्या.

मी बसलो. माझ्या शेजारी त्या बसल्या आणि मग बाकीच्या. चढाला लागलो तेव्हा ट्रॅक्टरचं नाक वर झालं आणि सगळी ट्रॉली मागं रेलली. खाली धरणाचं पाणी दिसत होतं. मी फळी घट्ट धरली होती. बाया आपसात कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या, त्यांना त्या पाण्याची रोजची सवय. प्रत्येक खड्ड्याला पुढून जोडाचा खण्ण असा आवाज येत होता आणि प्रत्येक वेळी मी मान उंचावून जोडाकडं बघत होतो. वर सपाटीला पोचलो तेव्हा मी श्वास सोडला. तो चंद्रामावशींना ऐकू गेला असावा, कारण त्या हसल्या.

खाचरापाशी बाया उतरून चिखलात गेल्या. दत्तूभाऊ जोडापाशी उकिडवे बसून बघत होते.

“मास्तर, बोलू का येक?”

“बोला.”

“पिन सैल हाय जरा. खड्ड्याला वाजतिया. अर्धा सूत तरी आसंल. आन् डोकं बी लय मोठं केलंत, काढताना बोटं सापडत्यात.” मग ते म्हणाले, “पैसं दिल्यात, म्हून बोलतो.”

मी वाकून पाहिलं. मार्जिन सोडायचं नाही हे मी एवढं मनावर घेतलं होतं की या वेळी उलट जास्तच कापलं होतं. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, नसेल, पण पाव नक्की होतं. माझ्या लोखंडी कामात कुणा गिऱ्हाइकानं तोंडावर काढलेली ती पहिली चूक. त्या चिखलात उभं राहून मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

“दुसरी करून आणतो,” मी म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. “अजून काय काय चुकलंय?”

दत्तूभाऊंनी तंबाखू काढली, नीट मळली आणि सांगायला सुरुवात केली.